मामा येणार, असं मीही सांगितलं

हॅलो, हॅलो. मी माईक बोलतोय. आज मला कुणी हातात धरलेलं नाही, माझ्यावर टिचक्या मारलेल्या नाहीत, की तोंडाशी धरून फू फू केलेलं नाही. वायरसुद्धा जोडलेली नाही. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचंच बोलून झालं, आता थोडं माझंही ऐका.

मी मंठ्यात राहतो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रामकिसनचं मांडव आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंडाळ्यांत माझा मुक्काम. जन्म एक्क्याऐंशी सालचा. कुठल्या कारखान्यात झालो ते काही आठवत नाही. आठवतं ते जालन्याचं दुकान आणि मला उलटासुलटा करून बघणारा रामकिसन. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. दुकानदाराला म्हणाला, "वजनदार हाये. हलकंफुलकं आपल्याला चालत न्हाई." मला बरं वाटलं. स्वतःची स्तुती कुणाला नको असते?

पहिली चौदा-पंधरा वर्षं मजेत गेली. बारशी, सत्यनारायण, निवडणुकीच्या सभा, आठवडी बाजारात हरवलेलं पोर, सगळं माझ्यातून जायचं आणि झाडावर बांधलेल्या कर्ण्यातून बाहेर पडायचं. माणसांच्या खोडी मला तिथं कळल्या. 'दोनच शब्द बोलतो' म्हणणारा मला तासभर सोडत नाही. घरात ज्याला कुणी विचारत नाही त्याला माझ्यासमोर कंठ फुटतो. आणखी एक गोष्ट मी बघितली. तोंडी सांगितलेलं लोक सोडून देतात, पण माईकवर सांगितलेलं खरं धरतात. पोर सापडलं असं बाजारात कुणी म्हणालं तरी आई रडतच राहते. तेच कर्ण्यावर पुकारलं की ती डोळे पुसते. याचा मला फार गर्व होता. पुढं तो अंगाशी आला.

सत्यशीला मला पहिल्यांदा भेटली ती भीमनगरातल्या जयंतीला, चौदा एप्रिलच्या संध्याकाळी. बारावीत होती. पाहुण्यांची ओळख करून द्यायला तिला उभं केलं होतं. तिनं मला ठोकलं नाही, फुंकर मारली नाही. नुसतं हातात धरलं आणि बोलायला लागली. आवाज गोड म्हणावा असा नव्हता. जाडसर होता, थोडा बसका, पण मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही वाटायचं की ही पोर आपल्याशीच बोलून राह्यली. पुढं ती बालवाडीची बाई झाली, लग्नही मंठ्यातच झालं, आणि गावात कार्यक्रम कुणाचाही असो, निवेदनाला सत्यशीलाबाई हे ठरून गेलं. मी शेकडो हातांत गेलो, पण न बघता ओळखावा तर तिचाच हात.

शहाण्णव साली रामकिसनच्या डोक्यात केबलचं खूळ शिरलं. दुकानाच्या माडीवर त्यानं दोन छत्र्या बसवल्या, गल्लीभर वायरी ओढल्या आणि माडीवरच्या खोलीला 'कंट्रोल रूम' म्हणायला लागला. कंट्रोल कसला, एक टीव्ही, एक जुना व्हीसीआर, एक इन्व्हर्टर आणि मी. संध्याकाळी गावापुरता आमचा स्वतःचा चॅनल चालायचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलं-सापडलं, नळाला पाणी कधी सुटणार, आणि मग गाणी. सूचना वाचायला अर्थात बाई.

दोन हजार साली, पोळा झाल्यावर, मुलांच्या एका चॅनलवर एक जपानी कार्टून सुरू झालं. बोलणं हिंदीत केलेलं. नाव काहीतरी लांबलचक होतं, मंठ्यात त्याला सगळे 'होडीवाली' म्हणायचे. मोठी बहीण आणि धाकटा भाऊ. आईबाप लांबच्या बेटावर मिठागरात कामाला गेलेले. त्यांना भेटायला ही दोघं एका म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीतून निघतात. गोष्ट एवढीच.

आता अडचण बघा. कार्टून लागायचं दुपारी चारला. चारला पोरं शाळेत, आणि तीन ते सहा गावात लोडशेडिंग. त्याची जाहिरात मात्र सकाळ-संध्याकाळ चालायची. म्हणजे जाहिरात सगळ्यांनी बघितलेली आणि कार्टून कुणीच नाही. पोरांनी रामकिसनचा जीव खाल्ला. शेजारच्या पुष्पाबाई रोज माडीखाली उभ्या राहून म्हणायच्या, "रामकिसन, ते होडीचं काय असंल ते लाव बाबा एकदा. नातू जेवून न्हाई राह्यला."

शेवटी रामकिसननं इन्व्हर्टरवर व्हीसीआर लावून चारचा भाग टेप केला आणि साडेसहाला गावाला दाखवला. चित्र झकास. आवाजाच्या नावानं नुसती घरघर. तो व्हीसीआर दहा वर्षं व्हिडिओ हॉलमध्ये राबलेला, त्याच्याकडून अजून काय होणार? दुसऱ्या दिवशी रामकिसननं मला बाईंच्या हातात दिलं.

"बाई, तुम्हीच बोला. चारला बघायचं, साडेसहाला सांगायचं. आपल्या बोलीत सांगा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बी कळंल."

"सगळ्यांचं बोलणं मी एकटीच बोलू?"

"मंग? त्या पोरीला माझा आवाज शोभंल का?"

असं करायला कुणाची परवानगी लागते, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेव्हापासून रोजचा नेम ठरला. बालवाडी सुटली की सत्यशीला माडीवर यायची, चारला हिंदीतला भाग बघत बघत वहीत टिपून घ्यायची आणि साडेसहाला टेप सुरू झाली की मला तोंडाशी धरायची. बहिणीचं जपानी नाव तिनं मीना करून टाकलं, भावाचं सोनू. राहिला नावाडी. हिंदीत पोरं त्याला काय म्हणायची ते तिला रुचेना. आमच्याकडं लहान लेकरू मोठ्या माणसाला असं परक्यासारखं बोलत नाही. मग म्हणायचं काय? काका, बाबा, का मामा? गोष्टीत तो माणूस त्यांच्या आईच्या गावचा दाखवला होता. बाईंनी पेनाचं टोक दातात धरलं, थोडा विचार केला आणि लिहिलं, मामा. आईच्या गावचा कुणीही असो, तो मामाच लागतो. मलाही ते बिलकुल बराबर वाटलं.

आणि मामा गावाला असा काही आवडला की विचारू नका. त्याच्या तोंडी बाईंनी आपलं बोलणं घातलं. "का रडून राह्यली गं मीना, मामा हाये ना," असं तो म्हणायचा. गल्लीत पोरं पडली, गुडघे फुटले, की दुसरी पोरं तेच म्हणायची. मोंढ्यातले हमाल एकमेकांना मामा म्हणायला लागले. रामकिसन तर वर्गणी मागायला गेला की लोक आधी विचारायचे, "मामा आज कुठवर गेल्ता?"

याच हमालांत कडूबा होता. मुकाट माणूस. पाठीवर पोतं असो वा नसो, चाल तीच. त्याची भाची बेबीनंदा त्याच्याकडं राहायची. दहा वर्षांची, चौथीत. तिचे आईबाप, बद्रीनाथ आणि साळूबाई, दसरा झाला की ऊसतोडीला अंकुशनगरच्या कारखान्यावर जायचे ते उन्हाळ्यात परत. तेवढे महिने मामाचं घर आणि मंठ्याची शाळा. अशी पोरं गावात एकदोन नव्हती. बालवाडीतली निम्मी कुणाच्या ना कुणाच्या घरी ठेवलेली. कडूबाकडं टीव्ही नव्हता, म्हणून बेबीनंदा रोज साडेसहाला माडीवर यायची आणि दारातच गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसायची. बोलायची नाही. संपलं की "जाते बाई" म्हणायची आणि जायची.

दिवाळीच्या आठवड्यात तो भाग आला. एका ओसाड बेटावर सोनूला ताप भरतो. नावाडी दोघांना झाडाखाली बसवतो, दवा लेकर आता हूँ म्हणतो, आणि होडीत चढतो. पाण्यात थोडं आत गेल्यावर स्वतःशीच म्हणतो, बीमार बच्चे का बोझ कौन ढोए. मग वल्ही मारत निघून जातो. मागं वळूनसुद्धा बघत नाही.

सत्यशीलाचं पेन थांबलं.

"काय झालं बाई?" रामकिसननं विचारलं.

"मामा सोडून गेला पोरांना."

"मंग तसं सांगा."

"कसं सांगू? नावाडी गेला असता तर सांगितलं असतं. मीच त्याला मामा केलं ना."

रामकिसन हसला. "बाई, कार्टून हाये ते."

"तुमच्यासाठी कार्टून. माझी निम्मी पोरं मामाच्या घरी झोपतात, भाऊ."

साडेसहाला टेप लागली. पडद्यावर नावाड्याची पाठ लांब लांब चालली होती. पाठ दिसत असली की माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, ओठ कुठं दिसतात? सत्यशीलानं मला जवळ घेतलं आणि मामाच्या आवाजात म्हणाली, "रडू नगं मीना. सोनूला सांभाळ. म्या औषध घेऊन येतो. मामा येणार." गावभर घराघरांत ते गेलं. पुष्पाबाईंचा नातू म्हणे त्या दिवशी नीट जेवला.

तिचा हिशेब साधा होता. दोन-चार भागांत नावाड्याला पश्चात्ताप होईल, तो परत येईल, आणि आपलं खोटं आपोआप खरं होईल. गोष्टीत माणसं परत येतात. जपानी असली म्हणून काय झालं, ती गोष्टच ना?

पण तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चारला सत्यशीला टीव्हीच्या पुढं सरकून बसायची, समुद्र दिसला की होडी शोधायची, आणि नुसत्या लाटाच यायच्या. मीना पानांत पावसाचं पाणी धरायची, सोनूच्या कपाळावर ओला कपडा ठेवायची. साडेसहाला त्याच लाटांवर बाई म्हणायची, "मामा वाटंतच असंल." मला लाज वाटायला लागली होती. पण मी काय करणार? माझ्याकडं पोटात ठेवायची सोय नाही. जे आत आलं ते बाहेर जाणारच.

नावाडी निघून गेला तो भाग लागला तेव्हा बेबीनंदा गावात नव्हती. भाऊबीजेला कडूबासोबत अंकुशनगरला आईकडं गेली होती, ती पाच दिवसांनी आली. रविवारी सकाळी रामकिसन आठवड्याचे सगळे भाग परत दाखवायचा आणि बाई वहीत बघून पुन्हा बोलायची. त्या रविवारी पोरगी पडद्याकडं बघतच नव्हती. बाईंच्या तोंडाकडं बघत बसली होती. बाईंना वाटलं, आईची आठवण येत असेल.

असे बारा भाग गेले. तेराव्याला, शुक्रवारी, मीना टेकडीवर चढते आणि तिला लांब पाण्यात एक शीड दिसतं. कुणाचं, ते कळायच्या आत भाग संपला. सत्यशीला खुर्चीतून उठलीच. "आला. बघा रामकिसनभाऊ, आला. सोमवारी उतरंल तो."

सोमवारी चारला तिथं दुसराच कार्यक्रम लागला. पोरं टोप्या घालून सिनेमाच्या गाण्यांच्या भेंड्या खेळत होती. मंगळवारी तेच. बुधवारी रामकिसननं औरंगाबादला फोन लावला. तिथल्या एका माणसाकडून त्याला चॅनल मिळायचे. तो म्हणाला, "ते जपानी बंद झालं. बघणारे कमी अन् हिंदी करायला खर्चा जादा. वरूनच ठरलं."

"पण ते अर्धं राह्यलंय ना."

"राहू द्या की. पोरं आठ दिवसांत इसरतेत."

"मंग पुढं कधी?"

"पुढचं कुणाला ठाऊक? कंपनी म्हणती, आता आपल्याकडचंच कायतरी बनवू. जपान्यांचं काय खरं न्हाई."

सत्यशीलानं मुंबईला चॅनलच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. कार्यक्रम परत सुरू करा असंही लिहिलं नाही. एवढंच विचारलं की नावाडी परत येतो का ते कृपा करून कळवा. बालवाडीतल्या पोरांच्या मोठ्या भावंडांनीही पोस्टकार्डं टाकली. वीसेक दिवसांनी एक गुळगुळीत पाकीट आलं. आत रंगीत स्टिकर आणि छापील इंग्रजी पत्र, आपल्या प्रेमाबद्दल आभार. स्टिकर पोरांनी वाटून घेतले. पत्र तिनं हायस्कूलच्या सरांकडून वाचून घेतलं. नावाड्याचा त्यात शब्द नव्हता.

रामकिसन वैतागला होता. "बाई, शेवट करून टाका ना. जुनी टेप लावतो, तुम्ही म्हणा मामा आला, पोरं आईबापाला भेटली. कोण बघायला बसलंय?"

"चित्रात न्हाई तर आला कसं म्हणू?"

"येणार म्हणलात तवा कुठं होतं चित्रात?"

बाईंनी मला उचललं. मला तिच्या हाताचा घाम लागत होता. शेवटी त्या संध्याकाळी जुनाच समुद्र लावून ती म्हणाली, "लेकरांनो, होडीवाली आता थोडे दिवस बंद राहील. मामा निघालाय. मामा येणार." बेबीनंदा दारात बसली होती. "जाते बाई," म्हणाली आणि गेली.

डिसेंबरात कडूबाला औरंगाबादजवळ वाळूजच्या एका कंपनीत काम लागलं. बायको, दोन पोरं, म्हातारी आई आणि तो. तिथं खोली मिळाली ती एक. एके दिवशी दुपारी बेबीनंदा दप्तर घेऊन माडीवर आली.

"बाई, मी आईकडं चालले. मामा जाता जाता सोडणारे. आठ दिवस. मंग मामा घ्यायला येणारे."

"अन् शाळा?"

"मामा म्हणला, आठ दिवसानं काय होतंय. दप्तर हितं ठेवू का? तिकडं पाचटाच्या कोपीत उंदरं कुरतडतेत."

माडीच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. कडूबाच्या सामानाचा टेम्पो उभा होता. त्यात कपाट होतं, गाद्या होत्या, पाळणा होता, पाटा-वरवंटा होता. आठ दिवसांसाठी पाटा-वरवंटा कुणी नेत नाही. सत्यशीलानं ते सगळं बघितलं. कडूबा टेम्पोच्या चाकाकडं बघत उभा होता, वर मान करत नव्हता.

"येईल ना बाई मामा?"

बाईंनी खाली जायला हवं होतं. कडूबाला गाठून विचारायला हवं होतं की बाबा, खरं काय ते सांग. नाहीतर निदान म्हणायचं होतं, पोरगी परीक्षेपर्यंत माझ्याकडं राहू दे. ती ठेवून घेणारी होती, मी तिला ओळखतो. पण तिच्या जिभेला वळण पडलं होतं. इतके आठवडे रोज जे माझ्यातून बोलली तेच तोंडातून निघालं.

"येईल की. न येऊन जातो कुठं?"

पोरगी हसली, दप्तर माझ्याशेजारी ठेवलं आणि जिना उतरून गेली.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. दप्तर तिथंच. संक्रांतीच्या सुमाराला सत्यशीला एस.टी.नं अंबडला आणि तिथून अंकुशनगरला जाऊन आली. बद्रीनाथची टोळी दुसऱ्या फडावर हलली होती. एका बाईनं सांगितलं, त्यांची पोरगी होती संगं, मोळ्या वाहत होती, हाताला चांगली हाये. कडूबाचा वाळूजचा पत्ता कुणाकडंच नव्हता. परत आल्यावर ती माडीवर नुसती बसून राहिली. रामकिसननं चहा मागवला, तो तसाच निवला.

कडूबा वाईट माणूस नव्हता हो. एका खोलीत पाचजण, त्यात सहावं कुठं मावणार होतं? पण मला जमणार नाही, एवढं बहिणीला आणि भाचीला सांगायला त्याला तोंड झालं नाही, म्हणून आठ दिवस म्हणाला. आमच्याकडं तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. बघू म्हणतात, येतो म्हणतात. माझ्या बाईंनी तरी वेगळं काय केलं?

त्यानंतर तिनं मला दोन वर्षं हात लावला नाही. सूचना रामकिसन स्वतःच वाचायचा, खोकत खोकत. पुढं मोठ्या कंपनीची केबल आली, आमचा चॅनल बंद पडला, माडीवर कांद्याची पोती ठेवायला लागले. होडीवालीच्या टेपांवर कुणाकुणाची लग्नं चढली. रामकिसन पुन्हा मांडवाच्या धंद्यावर आला, बिनवायरचा चकचकीत माईक आणला आणि मी खालच्या खणात गेलो. बाई हळूहळू पुन्हा निवेदन करायला लागली, पण त्या नव्यावर.

गेल्या उन्हाळ्यात, दोन हजार नऊला, दाट तिथी होती. एकाच दिवशी चार मांडव. नवा माईक दुसऱ्या लग्नात अडकला म्हणून मला काढलं, पुसलं आणि मंठ्यातच एका लग्नाला नेलं. सत्यशीलाच्या हातात गेलो आणि कळलं की नवरी बेबीनंदा आहे. एकोणीस वर्षांची. तळहात बाभळीच्या सालीसारखे राठ, चेहरा तोच. बद्रीनाथ मांडव ठरवायला आला तेव्हा तिनं बापाला बजावलं होतं म्हणे, निवेदनाला बाईच पाहिजेत.

लग्नात मुलीला मांडवात आणायचं ते मामानं, आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. कडूबाला पत्रिका गेली होती. सकाळी त्याचा मोबाईलवर फोनही आला होता, निघालो, गाडीत बसलो. मुहूर्त साडेबाराचा. बारा वाजले, साडेबारा वाजले.

"बाई, पुकारा," बद्रीनाथ म्हणाला. "मामा येऊन राह्यलेत, धा मिनटं थांबा म्हणावं."

बाईंनी पुकारलं. वीस मिनिटांनी परत पुकारलं. भटजी घड्याळ बघत होते. कुणी म्हणालं, चुलतमामाला उभा करा अन् उरका जल्दी. साळूबाई मात्र ऐकेना. "माझा भाऊ येतो म्हणलाय. तो येईल. थांबा."

"बाई, आजून एकदा," बद्रीनाथ म्हणाला.

सत्यशीलानं मला तोंडाशी नेलं. हात खाली आला. नवरी मागंच, खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. बाई तिच्याकडं वळली.

"बेबी, मला आता येणार म्हणवत न्हाई गं. तवा बी मी खोटंच बोलले होते. कार्टूनमधी तो सोडूनच गेल्ता."

"ठाऊक हाये बाई."

"तुला कसं ठाऊक?"

"भाऊबीजेला आईकडं गेल्ते ना. तवा कारखान्याच्या कॉलनीत बघितलं. तिथं लाईट जात न्हाई. हिंदी येतीच की मला."

"मंग ठाऊक असून गेलीस कडूबासंगं? मला का न्हाई बोललीस?"

बेबीनंदानं मुंडावळ्या कानामागं सारल्या. रागावून नाही, अगदी सरळ म्हणाली, "तुम्ही रोज म्हणायच्या ना, मामा येणार. मला वाटलं, बाईला पुढचं ठाऊक असंल."

माझं बटण चालूच होतं. सगळ्या मांडवानं ते ऐकलं. बाहेर वरातीच्या घोड्याजवळ उभी असलेली माणसंसुद्धा मांडवाकडं वळली. मी इतकी वर्षं लोकांचं बोलणं दूरवर नेलं, पण ते वाक्य नेताना मला जड गेलं.

सत्यशीलानं डोळे पुसले नाहीत. मला दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या त्या जाडसर आवाजात म्हणाली, "मुलीचे मामा आलेले नाहीत. कुणीही थांबू नये."

मग साळूबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला, लेकीचा हात धरला आणि तिला मांडवात घेऊन आली, आणि मंगलाष्टकं संपेस्तोवर तिच्या पाठीमागं उभी राहिली. एकदोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, तेवढंच. कडूबा त्या दिवशी आला नाही.

मी परत खणात आहे. बिघडलेलो नाही, जोडलं तर अजून बोलेन. ऐकतो की आता पुन्हा जपानी कार्टून लागतात, हिंदीत, दिवसभर. एखादं रंगात येतं आणि मधेच बंद पडतं, पुढचं कुणी हिंदीत करतं तर कुणी करत नाही. मुंबईत काचेच्या खोलीत बसून कुणीतरी त्यांना आवाज देत असेल. त्याच्यासमोरही माझ्यासारखा एखादा माईक असेल. त्याच्याकडं जिना चढून कुणी पोर विचारायला जात नाही, हे त्याचं नशीब म्हणायचं की काय, मला ठरवता येत नाही.

सत्यशीलाबाई अजूनही चार वाजता टीव्ही लावते आणि एकेक चॅनल फिरवत बसते. तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्यापैकी कुणी होडीवालीचा शेवट बघितला असेल, कुठल्याही गावात, कुठल्याही भाषेत, तर एकदा मंठ्याला येऊन तिला सांगा. नावाडी परत आला नसेल, तर तसंच सांगा.